हुकमाखातर पाण्यात

बंदुकीच्या जोडीने काम करण्यासाठी ज्या कुत्र्यांच्या जाती युरोपात घडवल्या गेल्या, त्यांची कामे ठरलेली असत. पॉइंटर जातीचा कुत्रा झाडोऱ्यात दबलेल्या पक्ष्याचा माग काढून त्याच्या दिशेने स्तब्ध उभा राही, स्पॅनियल त्या पक्ष्याला उठवी, आणि गोळी लागून तो जमिनीवर वा पाण्यात पडला की त्याला पिसालाही धक्का न लावता तोंडात धरून आणण्याचे काम तिसऱ्या वर्गाकडे, म्हणजे रिट्रीव्हरकडे, असे. या तिसऱ्या वर्गातील लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या दोन जाती आज मराठी शहरांतील घरांत सर्वाधिक ओळखीच्या झाल्या असल्या, तरी त्यांच्या नावातच दडलेले हे काम कोणते होते, ते कोणत्या पाण्यात होत असे आणि त्यात जीव कसा जातो, याचा विचार कुत्रा पाळणारे क्वचितच करतात.

लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांकडे होते. गळातून सुटलेले मासे आणि जाळ्यांच्या दोऱ्या थंड समुद्रातून ओढून आणण्यासाठी त्यांचा उपयोग होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते मासेमारीच्या जहाजांबरोबर इंग्लंडच्या किनाऱ्याला आले, तेथील सरदारांनी त्यांची जोपासना केली, आणि १९०३ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरची वंशावळ स्कॉटलंडमधील लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या कुत्र्यांपर्यंत जाते. १८६८ मध्ये त्यांच्याकडे पिवळ्या कुत्र्याचा पाणस्पॅनियल कुत्रीशी संकर होऊन जी पिल्ले झाली, ती या जातीचा आरंभ मानली जातात. दोन थरांची, पाणी झटकन निथळणारी लव, बोटांमधील पडदा आणि सुकाणूसारखी जाड शेपटी ही शरीराची वैशिष्ट्ये सर्वांना दिसतात; परंतु पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून स्वभावात जे रुजवले गेले ते अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे धन्याने पाठवले की जायचे, वस्तू हाती लागेपर्यंत परतायचे नाही आणि ती लागल्यावर थेट धन्याच्याच हातात आणून द्यायची. पाण्यातील धोक्यांचे मूळ बहुतांशी या आज्ञाधारकपणात आहे. पाणी कसे आहे हे ठरवण्याचा अधिकार कुत्र्याने माणसाकडे सोपवलेला असतो, आणि माणसाला बहुधा त्याची जाणीव नसते.

इंग्रजांची बेळगावला छावणी पडल्यानंतर रानबदके, पाणलावे आणि चक्रांग यांच्या शिकारीचा छंद या भागातही आला. भारतीय उन्हाळा, गोचिडी आणि तळ्यांतील दाट पाणवनस्पती यांपुढे विलायती कुत्री टिकत नसल्याने पडलेले पक्षी आणायला पुष्कळदा गावातील पोहणारी माणसेच पाण्यात उतरवली जात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला आणि मराठी मुलखात कारवानी म्हणून ओळखला जाणारा देशी शिकारी कुत्रा या कामाचा नव्हता. तो नजरेने सावज हेरून उघड्या माळावर धावणारा असून त्याच्या सडसडीत अंगावर चरबी नाममात्र असल्याने पाण्यात तो लवकर गारठतो आणि लवकर थकतो. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली, आणि भारतात रिट्रीव्हरचे मूळ काम कायद्यानेच संपले. ते संपले हे योग्यच झाले. काम संपले तरी ते करण्याची ओढ मात्र रक्तात शिल्लक राहिली. बदकाच्या जागी चेंडू किंवा काठी आली आणि शिकाऱ्याच्या जागी सहलीला आलेला मालक आला.

या बदलाचे चित्र खानापूर तालुक्यातील जांबोटी परिसरात स्पष्ट दिसते. बेळगावहून चोर्ला घाटामार्गे गोव्याला जाणारा रस्ता जांबोटी आणि कणकुंबी या गावांवरून जातो, पश्चिमेला व दक्षिणेला २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले भीमगडचे जंगल आहे, आणि पावसाळ्यात या रस्त्यालगतचे ओहोळ, धबधबे व नदीकाठ पाहण्यासाठी शहरांतून येणाऱ्या मोटारींतून आता कुत्रीही येतात. जांबोटीच्या पश्चिमेला सुमारे १६ किलोमीटरवर कणकुंबी येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर मलप्रभा उगम पावते. पुढे ३०० किलोमीटरहून अधिक प्रवास करून कृष्णेला मिळणारी ही नदी येथे अगदी लहान, एखाद्या नाल्याएवढी दिसते, आणि नेमके हेच तिचे फसवे रूप आहे. घाटमाथ्यावर पावसाची जोरदार सर कोसळली की खाली ऊन असतानाही पाणी चढू लागते. हब्बनहट्टी येथील नदीपात्रालगतचे स्वयंभू मारुतीचे मंदिर पावसाळ्यात पाण्याखाली जाते, यावरून या लहानशा पात्रात किती पाणी येते याची कल्पना यावी.

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर अंगावर येणारा रेटा चौपट होतो. कुत्र्याचा पोहण्याचा वेग ढोबळमानाने माणसाच्या सावकाश चालण्याएवढा असतो; तेव्हा काठाने चालणाऱ्या माणसाला मागे टाकणाऱ्या पाण्यात कोणताही कुत्रा, मग तो कितीही दमदार असो, प्रवाहाविरुद्ध परत येऊ शकत नाही. येथे शिकवण उलटते. फेकलेली काठी प्रवाहाबरोबर खाली जात असते आणि कुत्रा तिच्या पुढच्या जागेचा अंदाज न बांधता ती ज्या क्षणी जेथे दिसते तेथे तोंड करून पोहतो, त्यामुळे पाठलाग लांबत जातो. काठी हाती लागल्यावर जवळचा काठ गाठण्याऐवजी तो धन्याकडे वळतो, आणि धनी तर फेकल्या जागीच, म्हणजे आता प्रवाहाच्या वरच्या अंगाला, उभा राहून त्याला हाका मारीत असतो. तोंड काठीने भरलेले, श्वास अपुरा, समोरून पाण्याचा रेटा आणि कानावर सतत पडणारी हाक, अशा स्थितीत चांगला शिकवलेला कुत्रा दम संपेपर्यंत झगडतो. नदीकाठी वाढलेला गावठी कुत्रा अशा वेळी तिरका वाहत जाऊन खालच्या अंगाला बाहेर पडतो, कारण त्याला कोणी बोलावत नसते.

दुसरा धोका पाण्यात आडव्या पडलेल्या झाडांचा. मलप्रभेच्या आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या काठी करंज, जांभूळ आणि बांबूची बेटे आहेत. पुरात त्यांच्या फांद्या व मुळ्या पात्रात येऊन अडकतात. पाणी त्यांतून चाळणीसारखे निघून जाते, पण अंग अडकते, आणि मागून येणारा रेटा ते खाली दाबून धरतो. जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीने गढूळ झालेल्या पाण्यात या फांद्या वरून दिसत नाहीत. गळ्यातील पट्टा अशा फांदीत, मासेमारीच्या जाळ्यात किंवा जुन्या कुंपणाच्या तारेत अडकला तर पोहता येणारा कुत्राही बुडतो, आणि म्हणूनच जगभरचे जाणकार पाण्यात सोडण्यापूर्वी पट्टा काढून ठेवतात. वाहत्या पाण्यात लांब दोरी बांधून कुत्रा सोडणे हा उपाय वाटतो, प्रत्यक्षात तो तेवढाच घातक आहे, कारण दोरीच अडकते.

सीमाभागातील नद्यांवर ठिकठिकाणी असलेले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही वेगळी बाब आहे. पावसाळ्यापूर्वी काढलेले बर्गे, म्हणजे दारांत बसवायच्या फळ्या, पाऊस सरल्यावर पुन्हा घातले जातात आणि वरच्या अंगाला शांत, रुंद, पोहायला बोलावणारे पाणी साठते. तथापि बंधाऱ्याच्या दारांजवळ पृष्ठभाग स्थिर दिसत असला तरी खालून ओढ असते, आणि भिंतीवरून पाणी कोसळते तेथे ते स्वतःभोवती फिरून पुन्हा भिंतीकडे येत राहते. त्या फेऱ्यात सापडलेला प्राणी किंवा माणूस आपल्या बळावर सुटणे फार कठीण असते. चिरे काढून सोडून दिलेल्या जांभ्या दगडाच्या खाणी याहून शांत आणि म्हणून अधिक फसव्या. तेथे प्रवाह नसतो, मात्र करवतीने कापल्यासारख्या उभ्या भिंतींवर कुत्र्याच्या पंजाला धर मिळत नाही. उडी मारून सहज आत गेलेला कुत्रा बाहेर येण्याची जागा शोधत कडेकडेने फिरत राहतो आणि अखेर थकव्याने बुडतो. पाणी किती खोल आहे यापेक्षा त्यातून बाहेर यायची वाट कोठे आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

संथ, उथळ आणि स्वच्छ पाण्यातही एक धोका असतो, आणि तो पाळणाऱ्यांना जवळजवळ अपरिचित आहे. तोंडात मोठा चेंडू किंवा जाड काठी धरून पोहताना जबडा उघडा राहतो आणि प्रत्येक खेपेला थोडे थोडे पाणी पोटात जाते. दहा-वीस खेपांनंतर ते इतके साठू शकते की रक्तातील सोडियम हा क्षार विरळ होतो. मग पाणी पेशींमध्ये शिरते, मेंदूच्या पेशी सुजतात, आणि कवटीत फुगायला जागा नसल्याने मेंदूवर दाब येतो. याला जलविषबाधा म्हणता येईल. पोट फुगणे, लाळ गळणे, उलटी, झोकांड्या, विस्फारलेली बुबुळे आणि त्यानंतर झटके, असा क्रम काही तासांतच पुरा होऊ शकतो. मालकाला मात्र कुत्रा खेळून दमला आहे एवढेच वाटते. घरी मीठ चारणे हा यावर इलाज नव्हे, त्याने हानी होते; क्षारांचे प्रमाण मोजून शिरेतून औषध देणे हे पशुवैद्याचेच काम आहे. याची उलट बाजू गोव्याच्या किनाऱ्यावर दिसते, जेथे समुद्राचे पाणी गिळल्याने रक्तात सोडियम वाढून तितकीच गंभीर अवस्था ओढवते. चार-पाच फेकींनंतर विसावा, चेंडूऐवजी जबडा कमी उघडावा लागेल अशी चपटी वस्तू, आणि पिण्यासाठी वेगळे गोडे पाणी, एवढ्याने हा मृत्यू टळतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. त्यामुळे बर्फ नसलेल्या मुलखातही, विशेषतः पावसात आणि घाटमाथ्याच्या वाऱ्यात, वारंवार भिजलेला कुत्रा गारठतो. थरथर थांबून तो सुस्त झाला तर ते बरे होण्याचे नव्हे, बिघडण्याचे लक्षण होय. गार पाण्यात फार पोहल्यावर शेपटीच्या मुळाचे स्नायू दुखावून ती ओल्या दोरीसारखी लोंबते. हे वेदनादायक असले तरी विश्रांतीने बहुधा काही दिवसांत बरे होते.

रोगांच्या बाबतीत या भागात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे, नाव पहिले घ्यावे लागते. उंदीर व इतर जनावरांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात मिसळणारे हे जंतू जखमेतून किंवा डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंड व यकृत निकामी करतात, आणि आजारी कुत्र्याच्या मूत्रातून माणसालाही बाधा होऊ शकते. यावर लस आहे आणि ती दरवर्षी द्यावी लागते. उन्हाळ्यात आटत चाललेल्या तळ्यांवर रंग सांडल्यासारखा जो हिरवट-निळा तवंग येतो, तो काही वेळा विषारी सूक्ष्मजीवांचा असतो, आणि अंगावरचे पाणी चाटून साफ करण्याच्या सवयीमुळे कुत्र्याच्या पोटात त्याचे विष माणसापेक्षा सहज जाते. जंगलातील झऱ्यांत पाणी पिताना नाकात शिरणारी जळू आठवडेच्या आठवडे आत राहते; एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल तर तिचा संशय घ्यावा. सांगलीजवळची कृष्णा आणि दांडेलीची काळी या नद्यांत मगरी आहेत, तेथे कुत्रा पाण्यात सोडणे हा अविचारच होय.

पाणी पारखण्याची एक साधी रीत आहे. कुत्रा सोडण्यापूर्वी पाण्यात एक पान टाकावे आणि त्याच्या बरोबरीने काठाने चालावे. पानाला गाठण्यासाठी पावले उचलावी लागली तर त्या पाण्यात काहीही फेकू नये. पान संथ गेले तरी खालच्या अंगाला पडलेले झाड, बंधारा वा धबधबा नाही आणि कुत्र्याला चढून येण्याजोगा उतार आहे याची पायी जाऊन खात्री करावी, पट्टा काढावा, मुठीचे तरंगते जाकीट घालावे, आणि वस्तू फेकल्यावर स्वतः त्या उताराशी जाऊन उभे राहावे, म्हणजे धन्याकडे परतणे आणि काठ गाठणे या दोन गोष्टी कुत्र्यासाठी एकच होतात. जूनपासून पाऊस ओसरेपर्यंत जांबोटी-कणकुंबी भागातील वाहत्या पाण्याला ही पारख लावण्याचीही गरज नाही; त्या काळात तेथे कुत्रा पाण्यात पाठवूच नये.

कुत्रा वाहून जाऊ लागलाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नये आणि वरून हाकाही मारू नयेत. काठाने धावत त्याच्या पुढे, खालच्या अंगाला जावे आणि तेथून त्याला बोलवावे. बाहेर काढलेला कुत्रा श्वास घेत नसेल तर डोके किंचित खाली करून तोंडातील पाणी निथळू द्यावे, जबडा मिटून नाकातून श्वास द्यावा, आणि हृदय बंद असेल तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबत दर ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. तो उठून चालू लागला तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेणे आवश्यक आहे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा परिणाम पुढच्या एक-दोन दिवसांतही उद्भवतो.