‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कोठें’ नव्हे

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस, आणि पुष्कळदां घरीं त्यांचा अभ्यास घेणाऱ्या वडील मंडळींसही, ‘व्हेअरफोर’ हें जुनें क्रियाविशेषण हटकून चकवितें. आरंभींचें ‘व्हेअर’ पाहून त्याचा अर्थ ‘कोठें’ असा केला जातो. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या १५९७ सालीं प्रथम छापलेल्या नाटकांत ज्युलिएटेच्या तोंडीं हा शब्द आहे. तेथें ती प्रियकराचा ठावठिकाणा विचारीत नाहीं. ‘तूं रोमिओच कां झालास?’ असें म्हणून ती कष्टी होते. दोन्ही घराण्यांचें हाडवैर असल्यामुळें तिचा प्रश्न स्थळाचा नसून नांवाचा व कुळाचा आहे. ‘कोठें’ असा अर्थ घेतला म्हणजे नांवाविषयींचें तिचें पुढील भाषण अगदींच निराधार होतें.

या शब्दाची घडण सरळ आहे. अशा समासांत ‘व्हेअर’ म्हणजे ‘काय’ किंवा ‘जें’. ‘व्हेअरबाय’ म्हणजे जेणेंकरून, ‘व्हेअरइन’ म्हणजे ज्यांत. तसेंच ‘व्हेअरफोर’ म्हणजे कशासाठीं. त्याचें उत्तर ‘देअरफोर’, म्हणजे त्यासाठीं. उत्तर प्रचारांत राहिलें. प्रश्नाची जागा मात्र ‘व्हाय’नें घेतली. कायद्याच्या लेखांत ‘व्हेअरफोर’ ‘म्हणून’ या अर्थीं येतो. आपल्याकडील अर्जांत तेंच काम अरबींतून आलेला ‘सबब’ करितो.

स्थलवाचक शब्दानें कारण विचारावें, याचें संस्कृतज्ञांस नवल वाटूं नये. ‘किम्’ला तसिल् प्रत्यय लागून झालेल्या ‘कुतः’चा अर्थ ‘कोठून’ असाही होतो व ‘कां’ असाही. ‘यतः’ आणि ‘ततः’ हेही स्थळ व कारण दोन्ही दाखवितात. हें साम्य केवळ योगायोगाचें नव्हे. मूळचा ‘क’ जर्मानिक भाषांत ‘ह’ झाला, हा नियम ग्रिम यानें १८२२ सालीं मांडला. त्याप्रमाणें आपला ‘कः’ आणि जुन्या इंग्रजींतील ‘ह्वा’, म्हणजे आजचा ‘हू’, हे एकाच मूळचे. ‘व्हेअर’ त्याच कुटुंबांतला.

मालवणांत जन्मलेले, रत्नागिरीस शिकलेले व पुढें येथील हायस्कुलाचे मुख्याध्यापक झालेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७७ सालच्या विल्सन व्याख्यानमालेंत संस्कृतापासून मराठीपर्यंतच्या शब्दांचा माग असाच नियमांच्या आधारें काढिला. मुलांस हीच संवय लावावी. शब्द अडला, तर त्याच्या तोंडवळ्यावरून अर्थ न ठरवितां त्याच्या भावंडांस विचारावें.