द्वेषाची नोंद आणि बोलणाऱ्याचं नाव

पुण्याच्या चांदणी चौकातून लवासाकडे निघालं, की भूगाव मागे पडतं आणि पिरंगुट लागतं. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांनी भरून वाहणारा हा मुळशी तालुका २०२५च्या उन्हाळ्यात वेगळ्याच कारणाने बातम्यांत आला. २ मे रोजी पौडच्या नागेश्वर मंदिरात अन्नपूर्णा देवीच्या मूर्तीची विटंबना झाल्याची तक्रार झाली, गुन्हा दाखल झाला आणि एका तरुणाला अटक झाली. इथवर कायदा आपल्या वाटेने चालला होता. पण लोकांचा राग त्या एका आरोपीपाशी थांबला नाही. पौड-पिरंगुट परिसरात ‘बाहेरच्या’ मुस्लिमांवर बहिष्कार घालण्याचे फलक लागले. काही गावांनी ठराव करून परगावच्या मुस्लिमांना गावातल्या मशिदीत नमाजासाठी येण्यास मनाई केली. वर्षानुवर्षं तिथे छोटे व्यवसाय करणाऱ्या काही कुटुंबांना दुकानं बंद ठेवावी लागली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि असोसिएशन फॉर प्रोटेक्शन ऑफ सिव्हिल राइट्स या संघटनांनी याची तक्रार पोलिसांकडे केली.

अशा फलकावर कुणा एका व्यक्तीचं नाव नसतं. त्याने कुणाला मार लागत नाही, कुठली काच फुटत नाही. तरीही तो वाचून एखादं कुटुंब गाशा गुंडाळतं. ही घटना पोलिसांनी कुठे लिहायची? आणि उद्या कुणी व्हॉट्सॲपवर सरकारवर किंवा एखाद्या नेत्यावर जळजळीत टीका केली, शेजाऱ्याच्या भावना दुखावल्या, तर तीही त्याच वहीत लिहायची का?

पोलीस ठाण्यात आलेल्या तक्रारीला आपल्याकडे मोजक्या वाटा आहेत. मजकुरातून दखलपात्र गुन्हा दिसला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा दाखल होतो. गुन्हा अदखलपात्र असेल, तर कलम १७४ खाली ‘एनसी’ घेतली जाते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना पुढे तपास करता येत नाही. गुन्हाच दिसत नसेल, तर उरते ती स्टेशन डायरीतली एखादी ओळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक केली. गुन्हा नोंदवणं असो वा प्राथमिक चौकशी, हे सारं डायरीत उतरलं पाहिजे, हेही त्याच निकालाने सांगितलं.

याखेरीज महाराष्ट्रातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असलेला एक कागद आहे, ‘१४९ची नोटीस’. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ते कलम आता १६८ झालं आहे, पण तोंडी जुनाच आकडा आहे. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस ही नोटीस बजावतात. मोर्चाच्या आदल्या दिवशी, मंत्र्यांच्या दौऱ्याआधी, सणासुदीला ती घरी येते. नोटीस घेणाऱ्याने काहीही केलेलं नसतं. त्याची बाजू आधी ऐकण्याची किंवा नंतर अपील करण्याची तरतूद त्या कलमात नाही. दंगल टाळण्यासाठी हा अधिकार पोलिसांकडे हवा, हे खरं. पण गुन्हा नसताना नाव पोलिसांच्या कागदावर चढण्याची महाराष्ट्रातली सर्वांत परिचित रीतही हीच आहे.

इंग्लंडमध्ये अशा नोंदींची रीतसर व्यवस्थाच उभी राहिली आणि तिचा अनुभव आपल्याला उपयोगी पडावा असा आहे. १९९३ मध्ये लंडनच्या बसथांब्यावर स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. पोलिसांनी तपासात अक्षम्य हयगय केली. १९९९ मध्ये आलेल्या मॅकफर्सन चौकशी अहवालाने सांगितलं, की पीडिताला किंवा इतर कुणालाही जी घटना वंशद्वेषाची वाटते, ती तशी नोंदवा, मग तिच्यात गुन्हा असो वा नसो. त्यामागचं कारण पटण्यासारखं होतं. शिवी, दारावर थुंकणं, खिडकीवर अंडी फेकणं यांतली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते, पण मालिका लागली की पुढचा धोका दिसतो. लेस्टरशायरमधल्या एका आईने टवाळखोर पोरांच्या छळाबद्दल दहा वर्षांत पोलिसांना ३३ वेळा कळवलं होतं. प्रत्येक तक्रार वेगळी धरली गेली. २००७ मध्ये त्या आईने आपल्या अपंग मुलीसह जीवन संपवलं.

या हेतूबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अडचण आली ती व्याख्या पसरत गेल्यावर. वंशापुरती असलेली व्यवस्था धर्म, अपंगत्व, लैंगिकता आणि लिंगओळखीपर्यंत वाढली आणि समाजमाध्यमांवरचं बोलणंही तिच्यात आलं. तक्रारदाराला द्वेष ‘वाटला’ एवढं पुरेसं होतं, पुरावा मागायचा नव्हता. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३४ पोलीस दलांनी अशा सुमारे १ लाख २० हजार नोंदी केल्या. काही नोकऱ्यांसाठी होणाऱ्या सखोल पडताळणीत त्या उघड होऊ शकत होत्या.

हॅरी मिलर या माजी पोलिसाने लिंगबदलाच्या कायद्यावर टीका करणारे ट्वीट केले होते. २०१९ च्या जानेवारीत हंबरसाइडचा एक पोलीस त्यांच्या कामाच्या ठिकाणी गेला, नंतर त्याने त्यांना फोन केला आणि त्यांच्या नावावर ‘गुन्हा नसलेली द्वेषघटना’ नोंदवली गेली. मिलर न्यायालयात गेले. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांचं वागणं अभिव्यक्तीच्या हक्कावर अवाजवी घाला असल्याचं ठरवलं. डिसेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने नोंदींची मार्गदर्शिकाच सदोष ठरवली. २०२३ मध्ये नवी संहिता आली. हेतुपुरस्सर वैरभाव आणि मोठ्या हानीचा खरा धोका दिसल्याशिवाय व्यक्तीचं नाव लिहू नये, असं तिने बजावलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी अशा घटनांचा तपास करणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

महाराष्ट्रात मधला टप्पा जवळजवळ नाहीच. एकतर काहीच होत नाही, नाहीतर थेट गुन्हा आणि अटक. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर एकीने प्रश्न विचारला आणि दुसरीने तो ‘लाइक’ केला म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. देशभर संताप उसळला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द केलं. चर्चा करणं, मत पटवून देणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, शिक्षा फक्त चिथावणीला होऊ शकते, हा त्या निकालाचा गाभा.

तरी सवय मोडली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने कलम ३७० हटवल्याचा निषेध आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा व्हॉट्सॲप स्टेटसवर ठेवल्या. हातकणंगले पोलिसांनी गुन्हा दाखल केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं शिक्षण देण्याची वेळ आली आहे, असंही खंडपीठाने स्पष्ट म्हटलं. पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, पुण्यातल्या १९ वर्षांच्या अभियांत्रिकी विद्यार्थिनीने भारत-पाक संघर्षावरची एक पोस्ट शेअर केली. काही तासांतच ती काढून तिने माफीही मागितली, तरी कॉलेजने तिला काढून टाकलं आणि कोंढवा पोलिसांनी अटक केली. २७ मे रोजी उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला आणि परीक्षेला बसता यावं म्हणून कॉलेजचा आदेशही स्थगित केला. म्हणजे पौडचं प्रकरण आणि कोंढव्याची अटक एकाच महिन्यातली, एकाच जिल्ह्यातली.

शब्द किती झोंबतात हे कुणाच्या मापाने ठरवायचं, याचं उत्तर याच मातीतून आलेलं आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूरच्या न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं होतं, की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, विवेकी माणसावर काय होईल ते पाहा. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याची फूटपट्टी लावू नका. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रावरून पुण्यात नोंदवलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला, तेव्हा हीच कसोटी वापरली आणि हातकणंगलेच्या प्रकरणातही तीच. तक्रारदाराला काय ‘वाटलं’ यावर चाललेल्या इंग्लंडच्या व्यवस्थेला नेमकी हीच कसोटी नव्हती.

मात्र पोलिसांनी हात बांधून बसावं, असाही याचा अर्थ नाही. द्वेषपूर्ण भाषणाबाबत कुणी फिर्याद दिली नाही तरी स्वतःहून गुन्हा नोंदवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना दिला. त्या सुनावण्यांत महाराष्ट्रातल्या सभांचा विषय ठळक होता. दुसरीकडे, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने बोलण्या-लिहिण्याच्या आरोपांत कलम १७३(३) वापरण्याचा सल्ला दिला. तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत या कलमाखाली उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. या दोन आदेशांत विरोध नाही. पहिला समूहावर रोखलेल्या चिथावणीबद्दल आहे, दुसरा व्यक्तीच्या मताबद्दल.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पण २०१६चा तो कायदा जातपंचायतींसाठी घडवलेला आहे. एकाच समाजाने आपल्याच सदस्याला वाळीत टाकणं तो हाताळतो. एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्या धर्माच्या व्यापाऱ्यावर टाकलेला बहिष्कार त्याच्या व्याख्येत सहज बसत नाही. मुळशीसारख्या ठिकाणी म्हणूनच ठाण्यातली नोंद महत्त्वाची ठरते.

ती नोंद घटनेची असावी: फलक कुठे लागला, त्यावर काय लिहिलं होतं, कुणाचं दुकान किती दिवस बंद राहिलं, गावात पूर्वी असं काही झालं होतं का. त्यासाठी कुणा बोलणाऱ्याचं नाव लागत नाही. व्यक्तीचं नाव लिहायचं, तर चिथावणीचा ठोस आधार आधी हवा. त्या व्यक्तीला ते कळवलं जावं, तिचं म्हणणं सोबत जोडलं जावं, ठरावीक मुदतीनंतर नाव पुसलं जावं आणि चारित्र्य पडताळणीत ते कधीच येऊ नये. हे नियम लिहायला संसदेची वाट पाहायची गरज नाही. पोलीस महासंचालकांच्या एका परिपत्रकाने ते प्रत्येक ठाण्यात पोहोचू शकतात आणि १६८ खालच्या नोटिशींनाही लागू होऊ शकतात. तोवर तक्रारदाराने एनसीची प्रत मागून घ्यावी. आणि पोस्टवरून ठाण्यात बोलावलेल्या माणसाने १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मागणी लेखी द्यावी.