जर्नलच्या आधी कागद

प्रॅक्टिकलच्या तासाला मुलं आधी जर्नल उघडतात. उद्दिष्ट, अल्गोरिदम, कोड, आउटपुट, सगळं वरच्या वर्गातल्या मुलांच्या फायलीवरून सुबक अक्षरात उतरवलेलं असतं. संगणक मात्र अजून सुरू व्हायचा असतो. जालन्यात 'सी' भाषेचं प्रॅक्टिकल घेताना मी हा क्रम उलटा केला आहे. आधी कोरा कागद, मग कीबोर्ड, जर्नल सगळ्यात शेवटी.

परवा दिलेला प्रोग्रॅम साधा होता: मोसंबीचे पाच दिवसांचे भाव अ‍ॅरेमध्ये भरा आणि सरासरी काढा. वर्गातली बरीच मुलं अंबड, घनसावंगीकडची. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी त्यांच्या घरच्या बागेतली, त्यामुळे उत्तर साधारण किती यावं हे त्यांना आधीच ठाऊक असतं. एका मुलीने लूपच्या अटीत 'पाचपेक्षा लहान'ऐवजी 'पाच किंवा त्याहून लहान' असं लिहिलं. प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल झाला, चाललाही, आणि क्विंटलचा सरासरी भाव काही लाखांत आला. "सर, एवढा भाव नसतोच," ती लगेच म्हणाली.

मी कोडला हात लावला नाही. तिला कागदावर ड्राय रन करायला सांगितलं. फेरी, भाव, बेरीज असे रकाने आखून तिने एकेक ओळ भरली. मोजणी शून्यापासून, म्हणून पाच भाव चार क्रमांकालाच संपले. पुढच्या ओळीत भावाच्या रकान्यात लिहायला काहीच उरलं नाही, तेव्हा चूक तिची तिलाच दिसली. 'सी' अ‍ॅरेची हद्द तपासत नाही. पलीकडच्या मेमरीत जे पडलं असेल ते उचलून बेरजेत घालते. उतरवलेला प्रोग्रॅम असा चुकत नाही, म्हणूनच तो काही शिकवत नाही.

हे सगळं बोलणं मराठीत झालं. पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात 2021 पासून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची मराठी तुकडी आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये सी, लिनक्सचे धडे मराठी निवेदनासह मोफत मिळतात. पूर्ण अभ्यासक्रम मराठीत आणायला वेळ लागेल, पण तोंडी परीक्षेतलं मराठी उत्तर मान्य करायला आजही काही अडचण नाही.

माझ्या सहकारी प्राध्यापकांना एवढीच विनंती: पुढच्या तोंडी परीक्षेत व्याख्या विचारू नका. मुद्दाम बिघडवलेला दहा ओळींचा प्रोग्रॅम समोर ठेवा, चूक शोधायला सांगा, आणि ती मराठीत नीट समजावली तरी पूर्ण गुण द्या.