टाइलवरचा हुक आणि टाइलमागची भिंत

न्हाणीघराच्या टाइलवर हुक, साबणदाणी किंवा टॉवेल रॉड टिकतो तो हवेच्या दाबावर, चिकटद्रव्यावर किंवा स्क्रूवर. छत्तीसगडमधल्या नंदिनी नगरात यांपैकी पहिल्याची कसोटी खडकच घेतो. इथल्या खाणीतला चुनखडक भिलाई पोलाद कारखान्याला जातो. तिथल्या झोतभट्टीत हा दगड लोहखनिजातली सिलिका ओढून घेऊन मळी वेगळी काढतो. अशाच चुनखडकातून झिरपलेले बोअरचे पाणी मात्र टाइलवर वाळले की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर मागे ठेवते.

सक्शन हुकाचा घात हाच थर करतो. सहा सेंटिमीटर व्यासाच्या रबरी वाटीवर हवेचा एकूण दाब सुमारे 28 किलो वजनाइतका असतो. पण आत पूर्ण निर्वात कधीच होत नाही. शिवाय टांगलेले वजन भिंतीला समांतर, खाली ओढते. त्याला अडवते ते दाबामुळे निर्माण होणारे घर्षण. खडबडीत थरातून हवा हळूहळू आत शिरते, दाबातला फरक संपतो आणि हुक सुटतो. टाइल व्हिनेगरने पुसून, धुऊन, कोरडी केली की थर विरघळून जातो. त्यासाठी संडास साफ करायचे ॲसिड वापरू नये. ते सांध्यातले सिमेंटही खाते.

सिलिकॉनची पकड अधिक भरवशाची. मात्र ते हवेतल्या बाष्पाने घट्ट होते आणि टाइल व धातूची पट्टी यांच्यामध्ये बाष्प फक्त कडेने शिरते. म्हणून सलग फासण्याऐवजी त्याच्या उभ्या रेघा ओढाव्यात आणि निदान एक दिवस वजन टांगू नये. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद कडक आणि ठिसूळ असतो. गरम वाफेत, ओलीत तो फार काळ धरत नाही.

जड वस्तूला स्क्रूच हवा, आणि स्क्रूचे बळ टाइलमध्ये नसून मागच्या भिंतीत असते. पूर्वी भिंत छिन्नीने खोदून त्यात लाकडी गिट्टी ठोकत. लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी 1911 च्या सुमारास तागाच्या तंतूंची बारीक नळी काढली. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची उपकरणे बसवायची होती, त्यातून हा शोध लागला. जर्मनीच्या आर्तुर फिशर यांनी 1958 मध्ये तिला नायलॉनचा दातेरी अवतार दिला. फिशर यांच्या नावावर हजाराहून अधिक पेटंटे आहेत, त्यांचा गौरव रास्तच आहे. पण छोट्या भोकात नळी फुगवून घर्षणाने स्क्रू पकडायचा, ही मूळ युक्ती रॉलिंग्ज यांची. प्लास्टिकच्या गिट्टीबरोबर त्यांचेही नाव घेतले जायला हवे.

भोक पाडताना खरा अडथळा वरच्या काचेसारख्या लेपाचा असतो. भिंतीच्या साध्या टाइलचा गाभा सच्छिद्र आणि मऊ असतो. चिकटपट्टी लावून, भाल्याच्या टोकासारखा टंगस्टन कार्बाइडचा बिट हळू फिरवावा. टाइल पार होईपर्यंत ड्रिलची हॅमर कळ बंदच ठेवावी. व्हिट्रिफाइड टाइल आरपार कठीण असल्याने तिला हिऱ्याचा बिट आणि सोबत पाणी लागते. भोक टाइलच्या कडेपासून लांब घ्यावे. बोटाने ठोकल्यावर टाइल पोकळ वाजली तर ती जागा सोडून द्यावी, कारण मागे मसाला भरलेला नसतो.

गिट्टी टाइलच्या पातळीवर थांबवली तर ती तिथेच फुगते आणि टाइल तडकते. म्हणून ती टाइल ओलांडून विटेत किंवा काँक्रीटमध्ये पूर्ण गेली पाहिजे. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या (एएसी) ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी धरत नाही, त्यासाठी वेगळ्या प्रकारची मिळते. वृद्धांच्या आधाराच्या दांड्याबाबत तर तडजोडच नको. माणूस घसरला की सगळे वजन क्षणात त्या दांड्यावर येते, आणि दांडा भिंतीपासून बाहेर असल्यामुळे वरच्या स्क्रूला ओढ सर्वांत जास्त बसते. तिथे सक्शन किंवा गोंद चालत नाही. भक्कम भिंत आणि स्टेनलेस स्टीलचे लांब स्क्रू हवेत. ते आवळण्यापूर्वी भोकात थोडे सिलिकॉन भरले की पाणी टाइलमागे उतरत नाही.