तुमच्या स्विचचं दुसरं टोक

मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहताय? मग तुमच्या बेडरूममधल्या एसीचं आणि डहाणूच्या चिकूचं नातं आहे. लांबचं नाही, चांगलं जवळचं!

ग्लोबल वॉर्मिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते वितळणारे हिमनग आणि केविलवाणं पांढरं अस्वल. पण इतकं लांब कशाला जायचं? २०१३ पासून आपली लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. चर्चगेटहून सव्वाशे किलोमीटर. ‘घरातली वीज वाचवा, पृथ्वी वाचवा’ हे शाळेपासून घोकलेलं वाक्य खरं किती आणि पोस्टरपुरतं किती, हे बघायला मी ती लोकल पकडली.

डहाणूत खाडीकाठी ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. बीएसईएसने ते १९९५ साली सुरू केलं, पुढे ते रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेलं. ते बांधलं गेलं ते मुख्यतः मुंबईच्या उपनगरांसाठी. कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून डहाणूत येतो आणि वीज हाय टेन्शन तारांवरून घोडबंदर, वर्सोव्याकडे निघते. म्हणजे पार्टी अंधेरीत, धूर डहाणूत!

धुरांड्याशी भांडलेलं गाव

डहाणूकरांनी हे मुकाट्याने सोसलं असं मात्र नाही. केंद्र सरकारने १९९१ मध्येच डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला होता. त्यानंतर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. राखेने आणि वायूने बागा खराब होतात, ही बागायतदारांची तक्रार. प्राधिकरणाने १९९९ मध्ये धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला सांगितली. ती बसली २००७ साली. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यामागे ही लांबलचक लढाईसुद्धा आहे.

आता यातली मेख बघा. ही यंत्रणा समुद्राच्या पाण्याने सल्फर डायऑक्साइड धुऊन काढते. कार्बन डायऑक्साइड नाही. तो धुराड्यातून सरळ वर जातो आणि डहाणूचा न राहता सगळ्या जगाचा होतो. तो कमी करायचे रस्ते दोनच: वीज कमी जाळायची, नाहीतर दुसरीकडून आणायची. आणि या दोन्हींमध्ये तुमचा-माझा हात पोचतो.

तलासरीची चूल

डहाणूच्या पुढे तलासरी, गुजरातच्या हद्दीला टेकलेला आदिवासी तालुका. इथल्या पाड्यांवर अजूनही लाकडाच्या चुली पेटतात. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस घराघरात पोचू लागला. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घराला सिलिंडर भरायचे पैसे एकदम काढणं जड जातं आणि लाकूड तर शेजारच्या रानातच मिळतं. मग चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर. इथे स्वच्छ इंधन म्हणजे आधी त्या बाईच्या डोळ्यांचा आणि छातीचा प्रश्न. हवामानबदलात या घराचा वाटा तो केवढा? दोन दिवे, एक पंखा. तेव्हा ‘सगळ्यांनी मिळून वीज वाचवूया’ हे ऐकायला गोड असलं तरी वाचवायची आहे ती आपल्याला. जाळतोय पण आपणच ना!

मग करायचं काय बॉस?

सोप्यापासून सुरुवात. साधा सीलिंग फॅन ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी फॅन साधारण ३० वॉट. रोज बारा तास धरले, तर तीन पंख्यांमागे महिन्याला ४८ युनिट वाचतात. आपल्या देशातलं एक युनिट म्हणजे सरासरी सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. हिशोब करा, महिन्याला ३४ किलो! एसी २४ वर ठेवा. एक डिग्री वाढवली की विजेत साधारण सहा टक्के बचत होते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं.

दुसरं म्हणजे वेळ. दुपारी ग्रिडमध्ये सोलरची वीज भरपूर असते. आपण ऑफिसातून आठला घरी येतो आणि एसी, गीझर, वॉशिंग मशीन सगळं एकदम सुरू करतो. तोवर सूर्य मावळलेला, त्यामुळे भार मुख्यतः कोळशावर. मशीनला टायमर असतो, तो दुपारचा लावा. महावितरणने तर जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत सुरू केलीय.

भाड्याने राहता, गच्ची तुमची नाही? मीही त्याच गटातली. तरी एक पर्याय आहे. २०२१ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने ‘ग्रीन टॅरिफ’ला मान्यता दिली. तेव्हा युनिटमागे ६६ पैसे जादा मोजून शंभर टक्के अपारंपरिक वीज मागता येत होती. आजचा दर कंपनीला विचारा आणि अर्ज करा. कंपनीला तेवढी स्वच्छ वीज आपल्या नावावर खरेदी करावी लागते.

आणि गच्ची सोसायटीची असेल, तर फेब्रुवारी २०२४ ची पीएम सूर्यघर योजना आहेच. तीन किलोवॉटच्या घरगुती सिस्टिमला ७८ हजारांचं अनुदान आणि सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॉटमागे १८ हजार. एक किलोवॉट म्हणजे दिवसाला साधारण चार युनिट.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या एजीएमला पार्किंगचा विषय संपला की हात वर करा. पार्किंगचा विषय कधीच संपत नाही, माहितीये. म्हणूनच सेक्रेटरीकाकांना आधीच चिठ्ठी द्या आणि सोलर अजेंड्यावर एक नंबरला टाकून घ्या.