थंडीतले छप्पर

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपल्याकडे म्हणतात. भाडेकरूचे तर वासे मुळातच दुसऱ्याचे! काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात आमच्या आळीतल्या एका बिऱ्हाडाचे सामान मालकाने बाहेर काढले आणि खोलीला कुलूप ठोकले. ट्रंका, स्टोव्ह, पोरांची दप्तरे, सारे पावसात भिजत होते. “भाडे थकले होते ना?” एवढेच जो तो म्हणत होता. थकले होते, हे खरे. पण भाडे थकले म्हणून माणसाला कोणत्याही दिवशी, कोणत्याही हवेत रस्त्यावर काढावे काय? हा प्रश्न मनातून जाईना. पुढे वाचनात आले की, फ्रान्सने याचे उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे.

१९५४ चा हिवाळा तेथे फार कडक होता. महायुद्धानंतर घरांची टंचाई होतीच. १ फेब्रुवारीच्या पहाटे पॅरिसच्या सेबास्तोपोल रस्त्यावर एक स्त्री गारठून मेली. घर खाली करण्याचा हुकूम तिच्या हातात तसाच होता. त्याच दिवशी आबे पिएर या धर्मगुरूने रेडिओवरून लोकांना हाक दिली आणि देशभरातून पैसे व पांघरुणे यांचा ओघ सुरू झाला. (याच आबे पिएरवर त्याच्या मृत्यूनंतर, २०२४ मध्ये, अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप केले, हेही येथे सांगितले पाहिजे.) दयेचा पूर ओसरतो, कायदा टिकतो. डिसेंबर १९५६ मध्ये ‘हिवाळी तहा’चा कायदा झाला. आज ही मुदत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च अशी पाच महिन्यांची आहे.

या तहाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भाडे माफ होत नाही. ते चढतच जाते. मालकाला दावा लावता येतो, निकालही मिळवता येतो. थांबते ती फक्त अंमलबजावणी. या पाच महिन्यांत भाडेकरूला बळाने बाहेर काढता येत नाही. राहत्या घराची वीज व गॅसही थकबाकीसाठी तोडता येत नाहीत. विजेचा पुरवठा कमी करता येतो, एवढेच. अपवादही आहेत. दुसऱ्याच्या घरात घुसून बसलेल्याला हे संरक्षण नाही. कुटुंबाची योग्य ठिकाणी सोय झाली असेल किंवा इमारत धोकादायक ठरली असेल, तर तह लागू नाही. उलट, कोर्टाला बगल देऊन भाडेकरूला स्वतःच हुसकावणाऱ्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीस हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक मालक धनवान नसतो. एका खोलीच्या भाड्यावर म्हातारपण काढणारेही असतात. थंडी सरल्यावरही सरकारने पोलिसांची मदत नाकारली, तर मालकाला सरकारकडून भरपाई मागता येते. पण तहाच्या महिन्यांतला भार पुष्कळदा त्याच्यावरच पडतो. माणुसकीचा खर्च एकट्याने का सोसावा, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच अडलेल्या भाडेकरूला भाड्यासाठी मदत करणारे निधी तेथे उभे केले आहेत. १ एप्रिलला तह संपतो तेव्हा कर्ज मात्र तसेच उभे असते. तह म्हणजे मिळालेला वेळ, सुटका नव्हे.

आपल्याकडे थंडीपेक्षा पाऊस घातक. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवासीयांना हटवण्यास परवानगी दिली. पण पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबण्यास बजावले. भाडेकरूंसाठी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर नव्वद दिवस गेल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, द. सा. द. शे. १५ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला व पुढचे भाडे चालू ठेवले, तर त्या कारणासाठी घर जात नाही. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडण्यासही या कायद्याने बंदी आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्यांना मात्र थकबाकीबाबतचे हे संरक्षण नाही, आपल्यापैकी खोली घेऊन शिकणाऱ्यांनी आपला करार वाचून ठेवावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : कोर्टाच्या हुकुमाशिवाय ताबा काढून घेतला गेला, तर विशिष्ट सहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून तो परत मागता येतो.

आमच्या आळीत त्या दिवशी हे कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही सामान ओसरीवर उचलून ठेवले, चहा दिला. दोन दिवसांनी ते बिऱ्हाड कोठे गेले, ते कळले नाही. चहा देणारे हात पुष्कळ होते. “अहो, कुलूप लावता येत नाही, कोर्टात चला,” असे म्हणणारे एक तोंड हवे होते. पुढल्या पावसाळ्यात तसे म्हणणारे आपण असू, एवढ्यासाठीच हा लेख.