मोटार सुरू कां होत नाहीं?

इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर हें नांव आमच्या बहुतेक वाचकांस उंसामुळें व साखरेमुळें ठाऊक आहे. ज्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या नांवानें तें वसलें, त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबईस कुर्ला येथील तिच्या कारखान्यांतून १९४७ सालीं पहिली मोटार बाहेर पडली. पुढें तेथें फियाट ११०० जातीची गाडी होऊं लागली व १९७४ मध्यें तिलाच 'पद्मिनी' हें नांव मिळालें. ती आतां कोठेंही तयार होत नाहीं. तथापि हौशी गृहस्थांच्या अंगणांत ती अद्याप आढळते, आणि क्वचित् एखाद्याजवळ एम. जी. सारखी विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची शर्यती गाडीही असते. ह्या जुन्या गाड्यांत एक मोठा गुण आहे. आजच्या मोटारीप्रमाणें त्यांच्या पोटांत संगणक बसलेला नाहीं. गाडी सुरू करणाऱ्या तारा बोटांवर मोजतां येतात, आणि शाळेंत विजेचा धडा नीट वाचलेल्या मुलास त्या समजूं शकतात.

किल्ली फिरविली असतां इंजिन जागचें हलत नाहीं, पण दिवे लख्ख लागतात व भोंगाही खणखणीत वाजतो, हा अनुभव अशा गाडीच्या धन्यास केव्हां तरी यावयाचाच. अशा वेळीं लोकांचा तर्क ठरलेला असतो: दिवे लागतात त्या अर्थीं बॅटरी व तारा ठीक आहेत; मग दोष सेल्फचाच, म्हणजे इंजिनास पहिली गति देणाऱ्या स्टार्टर मोटारीचाच, असला पाहिजे. सेल्फ उतरवून दुरुस्तीस पाठविला जातो, दोन दिवसांनीं परत येतो, पैसे मोजले जातात, आणि गाडी पुन्हां मुकी ती मुकीच. हा तर्क कोठें चुकतो तें पाहूं.

ओहमचा नियम असा आहे कीं, तारेच्या एखाद्या भागांत विजेचा जो दाब खर्ची पडतो, तो प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतका असतो. आतां बॅटरीची तार जेथें आवळलेली असते त्या सांध्यावर धूळ, गंज व पांढरट हिरवा खार सांचून तेथें अवघा ०.०२ ओहम रोध उत्पन्न झाला आहे असें समजा. पुढचे दोन दिवे मिळून सुमारें साडेसात ॲम्पिअर प्रवाह घेतात. गुणाकार केला तर त्या सांध्यांत फक्त ०.१५ व्होल्ट दाब खर्ची पडतो. बारा व्होल्टांत एवढी तूट डोळ्यांस दिसतही नाहीं. परंतु लहान मोटारीचा सेल्फ दीडशें ॲम्पिअर मागतो. त्याच सांध्यांतून दीडशें ॲम्पिअर जाऊं लागले कीं तीन व्होल्ट तेथेंच जळतात. थकलेल्या बॅटरीचा दाब अशा वेळीं आधींच दहाच्या आसपास उतरलेला असतो; त्यांतून तीन वजा झाल्यावर सेल्फनें काय करावें? म्हणून दिवे लागणें ही सुदृढ सांध्यांची साक्ष नव्हे. अरुंद बोळांतून एक मनुष्य सुखानें जातो, पण जत्रेची गर्दी तेथें अडून राहते, तसाच हा प्रकार.

ह्याच दिव्यांचा उपयोग मात्र शोधासाठीं चांगला होतो. गिअर मोकळा करावा, हातब्रेक ओढावा, दिवे लावून ठेवावे आणि मग किल्ली फिरवून दिव्यांकडे पाहावें. दिवे होते तसेच तेजस्वी राहिले तर सेल्फपर्यंत प्रवाह पोंचतच नाहीं असें समजावें. किल्लीची कळ, सोलेनॉइड किंवा सेल्फमधील झिजलेले कार्बन ब्रश ह्यांकडे लक्ष द्यावें. दिवे एकाएकीं विझण्याच्या बेतास आले तर बॅटरी अशक्त आहे, बॅटरीवरील सांधा सैल आहे, किंवा सेल्फ आंतून अडकून अतोनात प्रवाह ओढीत आहे. नुसताच 'टक्' असा आवाज येऊन सर्व शांत झालें, तर सोलेनॉइड आपलें काम करीत आहे आणि दोष बहुधा जाड तारांच्या वाटेवर आहे.

ह्यापुढची परीक्षा व्होल्टमीटरनें करावयाची. बाजारांत स्वस्तांत मिळणारा साधा मल्टिमीटर ह्या कामीं पुरतो. इंजिन मधेंच पेट घेऊं नये म्हणून कॉइलची बारीक तार काढून ठेवावी. मग एकानें किल्ली फिरवावी व दुसऱ्यानें मीटर पाहावा. दोघांची संगत असल्यावांचून हें काम नीट होत नाहीं. प्रथम मीटरचीं टोकें बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर टेकवावीं. किल्ली फिरवितांना दाब साडेनऊच्या पुष्कळ खालीं जात असेल तर बॅटरी आधीं चार्ज करून घ्यावी. पुढील शोध तोंवर व्यर्थ आहे. दाब ठीक राहत असेल तर मीटरचें एक टोक बॅटरीच्या खुंटावर व दुसरें त्याच खुंटावर आवळलेल्या पट्टीवर ठेवावें. दोहोंमध्यें केसाएवढें अंतर. तेथें मीटरनें जवळ जवळ शून्यच दाखविलें पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर चोर सांपडला! याच रीतीनें खुंटापासून सोलेनॉइडपर्यंत, सोलेनॉइडच्या एका बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत, आणि तेथून सेल्फपर्यंत एकेक टप्पा तपासावा. आमच्या मतें ही एवढी एक परीक्षा ज्यास आली, त्याचे सुटे भाग विकत घेण्याचे निम्मे पैसे वांचले.

परतीच्या वाटेचा विसर मात्र पडूं देऊं नये. विजेस जाण्याइतकीच येण्यासही वाट लागते, आणि मोटारींत ती वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच होय. परंतु इंजिन रबरी उशांवर बसविलेलें असतें व रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून इंजिन आणि सांगाडा यांस जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. ही पट्टी तेलानें माखून, गंजून, एके दिवशीं तुटते, आणि खालच्या अंगास असल्यामुळें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मग प्रवाह दुसरी वाट शोधतो व चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या बारीक पोलादी तारेंतून धांवतो. सेल्फ मारतांना चोकची तार तापूं लागली तर अर्थची पट्टी गेली हें खुशाल ओळखावें.

बॅटरीविषयीं आमच्या भागापुरतें थोडें सांगणें अवश्य आहे. बारामती-इंदापूरकडील चैत्र-वैशाखाच्या उन्हांत बॅटरींतील पाणी लवकर आटतें. त्या जागीं विहिरीचें वा नळाचें पाणी घालूं नये. त्यांतील क्षार शिशाच्या पट्ट्यांस बाधतात. डिस्टिल्ड वॉटरच घालावें. हायड्रोमीटरनें पाहिलें असतां भरलेल्या बॅटरीच्या आम्लाचें विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२८ असतें. सहांपैकीं एकच घर इतरांहून ०.०५ नें खालीं असेल तर तें घर निकामी झालें असें समजावें. खुंटांवरील खार कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून धुवावा, पण तें पाणी घरांत जाऊं देऊं नये. चार्ज होतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. जवळ विडी किंवा काडी पेटविणें म्हणजे स्फोटास आमंत्रण होय.

बॅटरी नवी असूनही वारंवार उतरते, ही तक्रार गळिताच्या हंगामांत जास्त ऐकूं येते, आणि तिचें कारण रस्त्यावरच आहे. जुन्या गाड्यांत वीज उत्पन्न करणारा डायनॅमो असतो. इंजिन मंद चालत असतां तो जवळ जवळ कांहींच वीज देत नाहीं. भवानीनगर किंवा माळेगांवच्या वाटेवर उंसाच्या गाड्यांच्या रांगेमागें दिवे लावून तासभर रांगत गेलें कीं सर्व भार एकट्या बॅटरीवर पडतो. त्यांतच अशा अंधाऱ्या वाटेवर इंजिन बंद पडलें आणि दिवेही मंदावले, तर मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यास पुढें गाडी उभी आहे हें कळावें कसें? म्हणून हंगामापूर्वीं डायनॅमोचा पट्टा, त्याचे ब्रश व रेग्युलेटर तपासून घेणें ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे.

सोलेनॉइडचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरनें जोडून सेल्फ फिरविण्याची एक युक्ति कित्येक मिस्त्री करितात. मुलांनीं ती मुळींच करूं नये. गाडी गिअरमध्यें राहिली असेल तर ती समोर उभ्या असलेल्याच्या अंगावर उडी घेते. तसेंच बॅटरीजवळ काम करितांना अंगठी व बांगडी उतरवावी. बॅटरी काढतांना अर्थची तार सर्वांत आधीं सोडावी व बसवितांना सर्वांत शेवटीं जोडावी, म्हणजे पान्हा सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं.

सेल्फ जोमानें फिरतो पण इंजिन पेटत नाहीं, हा रोग निराळा. तेथें डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल व प्लग पाहावे. पावसाळ्यांत बहुधा डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणांतील ओलच कारण असते व कोरड्या फडक्यानें काम भागतें.

विलायती शर्यती गाड्यांच्या दोन लहरी सांगितल्या पाहिजेत. एम. जी. बी. च्या आरंभींच्या गाड्यांत बारा व्होल्टांची एक बॅटरी नसून सहा-सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकीपुढें एक जोडून बैठकीमागें, नजरेआड ठेवलेल्या असतात. त्यांस जोडणारी मधली तार बहुधा कोणी पाहतच नाहीं. शिवाय ह्या गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे. आपल्याकडील संवयीनें तेथें ऋण टोक जोडल्यास डायनॅमो व इतर उपकरणें बिघडण्याचा संभव असतो.

१९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारीस चार्ल्स केटरिंग यानें तयार केलेला विजेचा सेल्फ लागण्यापूर्वीं लोखंडी हँडल फिरवूनच गाडी सुरू करावी लागे, आणि इंजिनानें उलट झटका दिला तर मनगट मोडे. ज्या गाडीस अजून हँडलची सोय आहे, तेथें अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीभोंवतीं वळवूं नये, आणि हँडल खालून वर ओढावें. वरून खालीं रेटूं नये.

गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर अर्थची तार सोडून ठेवावी, आणि बॅटरी महिन्यांतून एकदां भरून घ्यावी. रिकामी राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर कठीण पांढरा थर धरतो व मग ती पुरती भरत नाहीं.